शिल्लक

फोर्ट पोर्टलहून बोडा-बोडाच्या मागे बसून दीड तास,
शेवटचा चढ पायी.
पिशवीत हिरवी बाटली.
रंग औषधाचा नव्हे, ओळखीचा:
हिरवं म्हणजे सौम्य, गुलाबी म्हणजे जहाल.
अक्षर न लागणाऱ्यालाही चूक होऊ नये.
चव मात्र कडूच, रंग कुठलाही असो.

आम्हा तोरो लोकांत
नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे पाठ फिरवून बोलणं.
प्रत्येकाला एक लाडाचं नाव असतं,
दहा-बारा नावं साऱ्या मुलखाने वाटून घेतलेली.
दारातूनच म्हणते, अबवूली, कशी आहेस?
ती आठ वर्षांची, गुडघा घडी केलेल्या गोणपाटावर ठेवलेला.
म्हणते, अतेन्यी, आधी तू सांग,
चढ होता ना.

मग बोटं.
मूठ म्हणजे काही नाही.
पाच म्हणजे याहून जास्त माणसात मावत नाही.
ती दोन दाखवते.
बाप चौकटीला टेकून उभा, चहाच्या मळ्यातून तसाच आलेला,
बोटांची टोकं पानांनी काळी पडलेली.
दोनच, म्हणतो.
मी म्हणते, अराली, पाणी उकळा जरा, जखम धुवायचीय.
तो परसात जातो
आणि ती चार दाखवते.
चौथं थोडं वाकडं,
सरळ करावं की नाही हे ठरलं नसल्यासारखं.

"दोन म्हटलं की तो झोपतो," ती सांगते.

म्हणून मात्रा चारच्या हिशेबाने.
दर चार तासांनी. निजताना दुप्पट,
म्हणजे मधल्या रात्री कुणाला उठायला नको.
घरात घड्याळ नाही. रेडिओ आहे,
पहाटेच्या बातम्या, मळ्याचा भोंगा, शाळा सुटल्याचा गलका.
पोट साफ होत नाही ते या औषधानेच:
पपईच्या बिया सुकवून, चमचाभर, केळ्यातून.
मिरीसारख्या लागतात, ती तोंड वाकडं करून म्हणाली,
आणि अजून मागितल्या.

जखमेवर गोळ्या कुटून भुरभुरायच्या.
दोन बुधवार गेले, वास गेला.
तिसऱ्या बुधवारी शेजारची काबासिंगे
उंबऱ्याच्या आत बसलेली,
दोघींच्या मध्ये सात खडे.
त्या दिवशी बोटं विचारायची राहून गेली.

चढाच्या तोंडाशी बापाने गाठलं.
याने ती मरेल का?
म्हटलं, मरेल.
याने नाही.
प्रशिक्षणात आम्हाला याहून मऊ वाक्य दिलं होतं,
ते नेमकं घशाशी आलं नाही.
तो बराच वेळ खालचा मळा बघत राहिला,
मग म्हणाला, सकाळची मात्रा बातम्यांच्या आधी की नंतर?

पावसाळा लांबला. हिरव्याची गुलाबी झाली.
एका बुधवारी तिनेच विचारलं,
बा, तुझी किती?
त्याने हात कोटाच्या खिशात घातला.
तिने तो ओढून काढला, मूठ सोडवली,
करंगळीपासून मोजलं, पाच,
आणि पुन्हा एकेक बोट मिटत आणलं.
अंगठा राहिला. तो मिटेना.
असू दे, म्हणाली.

मी शेवटची गेले तेव्हा कोळशाची शेगडी विझलेली होती.
नोंदवहीत लिहिलं:
गुलाबी, शिल्लक चाळीस मिली, परत घेतली.
एक सही माझी.
एक त्याचा अंगठा.
तो म्हणाला, अतेन्यी, ती सुईविना सिरिंज ठेवू का?
शेळी व्यायली आणि गेली,
पिल्लू वाटीतून पीत नाही.

सिरिंज मोजून परत घ्यायची असते.
मी वही मिटलेली होती.

चढ उतरताना मागून आवाज आला,
ते पिल्लू बहुतेक,
आणि त्याला कुठल्या तरी लाडाच्या नावाने
हाक मारणारा तो.